प्रतिस्पर्धी म्हणजे शत्रु नव्हे

मनुष्यास शर्यतीची आवड उपजतच असते. दोन मुलें एका वाटेनें चालूं लागलीं कीं थोड्याच वेळांत त्यांचीं पावलें भराभर पडूं लागतात आणि शेवटीं ती चाल पळण्यावर येते. तसें करा म्हणून त्यांस कोणी सांगावें लागत नाहीं. आपल्या वऱ्हाडांत शंकरपट असला म्हणजे आसपासचीं गांवेंच्या गांवें ज्या उत्साहानें तिकडे लोटतात, तो उत्साहहि ह्याच आवडीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळें २०१४ सालीं ह्या शर्यती बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्यें अटी घालून त्यांस पुन्हां परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानें महाराष्ट्राचा त्यासंबंधींचा कायदा वैध ठरविला. मध्यें इतकीं वर्षें खंड पडला, तरी तळेगांव दशासरच्या पटाचें नांव निघतांच आमच्याकडील वृद्धांचे डोळे अजून चमकतात.

परंतु आमच्या मुलांचें मन हल्लीं बैलजोडीपेक्षां मोटारसायकलकडे अधिक ओढ घेऊं लागलें आहे. अमरावतीहून यवतमाळास जाणारा रस्ता आपल्या नेरवरून जातो. त्या रस्त्याच्या कडेला सायंकाळीं घटकाभर उभें राहावें, म्हणजे एक मोटारसायकल दुसरीस मागें टाकून जातांना दिसते, मागें पडलेल्याच्या तोंडावर जणूं कोणी चपराक मारली असा भाव उमटतो, आणि तोहि मान खालीं घालून गाडी पिटाळूं लागतो. पुढचा कोण, हें त्याला बहुधा ठाऊकहि नसतें. पण तेवढ्या क्षणापुरता तो ह्याचा शत्रु झालेला असतो. हाच भाव आम्हीं परीक्षेचा निकाल लागल्यावर वर्गांत पाहिला आहे, सामन्यांच्या वेळीं मैदानावर पाहिला आहे, आणि खरें सांगावयाचें तर, निकालपत्रक घेण्यास आलेल्या कांहीं पालकांच्या मुद्रेवरहि पाहिला आहे. म्हणून ह्या लेखांत मोटारसायकलच्या शर्यतींचेंच उदाहरण घेऊन एक प्रश्न विचारावयाचें आम्हीं योजिलें आहे : ज्याच्याशीं आपली चढाओढ आहे, त्याच्याशीं आपलें नातें कोणतें?

आमचें उत्तर आरंभींच सांगून टाकतों. प्रतिस्पर्धी हा शत्रु नव्हे. तो आपल्या कामांतला भागीदार आहे. ह्याचा अर्थ चढाओढ सौम्य करावी असा मात्र मुळींच नाहीं. जो जिंकण्यासाठीं जिवापाड झटत नाहीं तो आपल्या प्रतिस्पर्ध्याचा एक प्रकारें अपमानच करतो. खिलाडूवृत्ति म्हणजे हरल्यावर हस्तांदोलन करण्याचा शिष्टाचार, असा पुष्कळांचा समज आहे. आमच्या मतें ती हस्तांदोलनाच्या कितीतरी आधीं, ऐन शर्यतीच्या भरांत, जेथें पंचांची दृष्टि पोंचण्यापूर्वींच सर्व कांहीं घडून जातें तेथें, कसास लागते.

ही गोष्ट मोटारसायकलच्या शर्यतींत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसेल. शंकरपटांत प्रत्येक जोडीची धांव निराळी मोजतात, किंवा प्रत्येक जोडीस आपली वाट तरी निराळी असते. मोटारसायकलच्या जागतिक शर्यतींत वीस-बावीस स्वार एकाच मार्गावर एकदम सोडले जातात. 'मोटोजीपी' ह्या सर्वांत वरच्या वर्गांतील गाड्यांचा वेग सरळ मार्गावर ताशीं ३५० किलोमीटरांच्या वर जातो. २०२३ सालीं इटलींतील मुजेलो येथें ब्रॅड बाइंडर ह्या स्वारानें ३६६ किलोमीटरांचा वेग गांठला होता. वळणावर गाडी इतकी कलते कीं स्वाराचें कोपर जमिनीस घांसतें, आणि अशा स्थितींत दोघे स्वार हातभर अंतरानें एकाच वळणांत शिरतात. सरळ मार्गावर पुढचा स्वार वारा कापतो व त्याच्या आडोशानें मागच्यास थोडा अधिक वेग मिळतो. म्हणजे प्रतिस्पर्धीच त्याला ओढून नेत असतो. मग वळण आलें कीं मागच्यानें ब्रेक किंचित् उशिरा दाबून आंतल्या बाजूनें शिरावयाचें, आणि दोघांनींहि एकमेकांस चाकापुरती वाट ठेवावयाची, असा हा व्यवहार. वाट ठेवली नाहीं तर दोघेहि पडणार. प्रत्येकाचा जीव दुसऱ्याच्या मनगटांत असतो, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ज्या दोघां स्वारांविषयीं आम्हांस विशेष सांगावयाचें आहे ते परदेशचे खरे. तथापि ते आपणांस अगदींच परके नाहींत. मुंबईची महिंद्र कंपनी २०११ पासून २०१७ पर्यंत ह्या जागतिक शर्यतींच्या सर्वांत धाकट्या वर्गांत आपल्या मोटारसायकली उतरवीत असे. २०१५ व २०१६ ह्या दोन सालीं महिंद्रच्या गाड्यांवर धांवणाऱ्या एका स्पॅनिश पथकांत दोन तरुण जोडीदार होते : १९९७ सालीं जन्मलेला इटलीचा फ्रान्सेस्को बान्याया, आणि त्याच्याहून एका वर्षानें लहान असा स्पेनचा होर्हे मार्तिन. २६ जून २०१६ रोजीं नेदरलंड्समधील आसेन येथें बान्याया पहिला आला. भारतीय कंपनीच्या मोटारसायकलनें ह्या जागतिक मालिकेंत मिळविलेला तो पहिलाच विजय होय. त्याच वर्षीं ऑगस्टांत चेक देशांतील ब्रनो येथें मार्तिन पावसांत दुसरा आला, आणि ऑक्टोबरांत मलेशियांतील सेपांग येथें बान्यायानें पुन्हां बाजी मारली. पुढें २०१८ सालीं मार्तिन धाकट्या वर्गांत आणि बान्याया मधल्या वर्गांत, असे दोघेहि जगज्जेते झाले. एका पथकांत राहून एकमेकांच्या पुढें जाण्याची धडपड करणाऱ्या ह्या मुलांची गांठ वरच्या वर्गांतहि पडणार होती.

ती कशी पडली हें सांगण्यापूर्वीं वाचकांनीं सेपांगचा मार्ग ध्यानांत ठेवावा. कारण पुढील तीन प्रसंग तेथेंच घडले.

पहिला प्रसंग दुःखाचा. २३ ऑक्टोबर २०११ रोजीं इटलीचा चोवीस वर्षांचा स्वार मार्को सिमॉन्सेली शर्यतीच्या दुसऱ्याच फेरींत वळणावर घसरला आणि मार्गाबाहेर न जातां उलट मार्गावरच ओढला गेला. मागून येणारे कॉलिन एडवर्ड्स व व्हॅलेंतिनो रॉसी ह्यांना त्याला चुकवितां आलें नाहीं. त्यांतच त्याचा अंत झाला. रॉसी हा त्याचा जिवलग मित्र. दोष कोणाचाच नव्हता. पण निर्दोष असूनहि जेथें मित्राच्या चाकाखालीं मित्र जातो, तेथें दोषयुक्त मनानें गाडी चालविणें म्हणजे काय, हें त्या दिवशीं सर्वांस कळून आलें असावें.

तरीहि तेथेंच चार वर्षांनीं दुसरा प्रसंग घडला. २०१५ सालीं रॉसी आपल्या दहाव्या जगज्जेतेपदाच्या अगदीं जवळ आला होता. सेपांगच्या शर्यतीपूर्वीं त्यानें पत्रकारांसमोर मार्क मार्केझ ह्या तरुण स्वारावर असा आरोप केला कीं, तो माझ्या विरुद्ध होर्हे लोरेन्झोस साह्य करीत आहे. मनें आधींच कलुषित झालीं होतीं. २५ ऑक्टोबर रोजीं दोघे एकमेकांस पुनःपुन्हां ओलांडूं लागले, आणि एका वळणावर रॉसीनें वेग कमी करून मार्केझला बाहेरच्या कडेकडे रेटलें. गाड्या एकमेकींस भिडल्या व मार्केझ पडला. पंचांनीं रॉसीस दोषी धरून तीन दंडगुण दिले. त्यामुळें वर्षाच्या अखेरच्या शर्यतींत त्याला सर्वांच्या मागून सुरुवात करावी लागली. तेथून तो चौथ्या क्रमांकापर्यंत चढला, पण लोरेन्झो पहिला आला आणि अवघ्या ५ गुणांनीं विजेतेपद घेऊन गेला. रॉसी पुढें २०२१ पर्यंत धांवत होता. दहावें जगज्जेतेपद त्याला कधींच मिळालें नाहीं. प्रथम कोणी कोणास डिवचलें, ह्यावर लोक अजून वाद घालतात. आम्हांस त्या वादांत शिरावयाचें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, एवढ्या थोर स्वारांच्या त्या वर्षाची आठवण निघाली म्हणजे लोकांना त्यांचें कौशल्य आठवत नाहीं, भांडण आठवतें.

आतां तिसरा प्रसंग, आणि तो बान्याया व मार्तिन ह्यांचा. बान्याया हा रॉसीनेंच चालविलेल्या प्रशिक्षणसंस्थेंत तयार झालेला. २०२२ सालीं तो मोटोजीपीचा जगज्जेता झाला. २०२३ सालीं त्याला टक्कर दिली ती मार्तिननें. त्या वर्षीं २४ सप्टेंबर रोजीं ग्रेटर नोएडा येथें भारतांतील पहिली मोटोजीपी शर्यत झाली. तींत बान्याया पडला, मार्तिन दुसरा आला, आणि दोघांतील अंतर अवघ्या १३ गुणांवर आलें. अखेरीस ३९ गुणांनीं बान्यायानेंच विजेतेपद राखिलें. दोघेहि डुकाटी ह्याच कंपनीच्या गाड्या चालवीत. मात्र बान्याया कंपनीच्या स्वतःच्या पथकांत होता आणि मार्तिन एका दुय्यम पथकांत. कंपनीच्या पथकांत आपणांस घ्यावें अशी मार्तिनची इच्छा होती. परंतु २०२२ सालीं एकास व २०२४ सालीं दुसऱ्यास ती जागा मिळाली, आणि हा दोन्ही वेळां मागेंच राहिला. मनांत विष साठण्यास ह्याहून अधिक कारण कोणतें हवें?

अशा स्थितींत ३ नोव्हेंबर २०२४ रोजीं दोघे सेपांगला आमनेसामने आले. आदल्या दिवशींच्या लहान शर्यतींत बान्याया पडला होता व मार्तिन जिंकला होता. त्यामुळें मार्तिन २९ गुणांनीं पुढें होता. ह्या शर्यतीनंतर वर्षाचा एकच मुक्काम उरणार होता आणि तेथें कोणालाहि ३७ हून अधिक गुण मिळूं शकत नव्हते. वाचकांनीं हा हिशेब नीट पाहावा. त्या दिवशीं दोघे एकमेकांवर आदळून पडले असते, तर लाभ मार्तिनचाच होता. शिवाय शर्यत सुटतांच तिघे स्वार पडले होते आणि तिला थांबवून नव्यानें आरंभ करावा लागला होता. म्हणजे धोका काय असतो तें दोघांनीं नुकतेंच पाहिलें होतें. पुन्हां आरंभ झाल्यावर पहिल्या तीन फेऱ्यांत ह्या दोघांनीं एकमेकांस इतक्या वेळां ओलांडलें कीं पाहणाऱ्यास मोजणें कठीण झालें. एकानें आंत शिरावें, दुसऱ्यानें त्याच वळणाच्या बाहेर पडतांना परत पुढें जावें. आणि एवढ्या झुंजींत एकाचें चाक दुसऱ्यास लागलें नाहीं! दोघांनींहि प्रत्येक वेळीं दुसऱ्यापुरती वाट ठेवली. शेवटीं बान्याया जिंकला, मार्तिन दुसरा आला, आणि अंतर २४ गुणांवर आलें.

अखेरची शर्यत व्हॅलेन्सिया येथें व्हावयाची होती. परंतु २९ ऑक्टोबर रोजीं त्या प्रांतांत महापूर येऊन दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं, म्हणून ती १७ नोव्हेंबर रोजीं बार्सिलोना येथें झाली. तेथें बान्याया दोन्ही शर्यतींत पहिला आला. त्याच्या हातीं होतें तेवढें सर्व त्यानें केलें. पण मार्तिन दोन्ही वेळां तिसरा आला, आणि ५०८ गुण विरुद्ध ४९८ गुण अशा १० गुणांच्या फरकानें जगज्जेता ठरला. त्या वर्षांतील वीस मोठ्या शर्यतींपैकीं ११ बान्यायानें जिंकल्या होत्या, तर मार्तिननें अवघ्या ३. अकरा विजय मिळवूनहि विजेतेपद हातचें गेलें, तेव्हां नशिबास, गुणपद्धतीस किंवा पंचांस बोल लावणें किती सोपें होतें! बान्यायानें तसें केलें नाहीं. त्यानें मार्तिनला मिठी मारून मोकळ्या मनानें त्याचें अभिनंदन केलें.

ह्यावर दोन आक्षेप निघतील. पहिला असा कीं, वैर असल्याशिवाय खेळास रंग चढत नाहीं. लोकांना भांडणच आवडतें. लोकांना भांडण आवडतें हें खरें आहे, परंतु लोकांची आवड ही खेळाची कसोटी नव्हे. सेपांगच्या त्या तीन फेऱ्यांहून अधिक रंगलेली झुंज वैरानें निर्माण झाली असती काय? उलट वैर असतें तर ती पहिल्याच वळणावर संपली असती. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याशींच हातभर अंतरावरून झुंजतां येतें; ज्याच्यावर विश्वास नाहीं त्याच्यापासून मनुष्य दूर राहतो, आणि दूर राहणाऱ्यास जोराची टक्कर देतां येत नाहीं. म्हणजे खिलाडूवृत्तीनें चढाओढ मवाळ होते असें नाहीं. खरी तीव्र चढाओढ तिच्यामुळेंच शक्य होते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे : शेवटीं विचारलें जातें तें कोण जिंकला एवढेंच, हरणाऱ्याच्या चांगुलपणास कोण विचारतो? ह्यास उत्तर असें. बान्यायानें ते गुण गमावले ते बहुतांशीं स्वतः पडल्यामुळें, मार्तिननें कांहीं वावगें केल्यामुळें नव्हे. ज्याचें मन दुसऱ्यास दोष देण्यांत गुंतलेलें नाहीं, त्यालाच आपण कोठें घसरलों हें दिसतें, आणि ज्याला तें दिसतें तोच पुढें सुधारतो. प्रतिस्पर्ध्याचा द्वेष हा असा पडदा आहे कीं त्याच्या आड मनुष्याची स्वतःची चूक लपून बसते.

विद्यार्थीबंधूंनो आणि भगिनींनो, हा सर्व विस्तार आम्हीं तुमच्यासाठींच केला. तुमच्या वर्गांतहि एक मार्तिन असतो. त्याला गणितांत तुमच्याहून पांच गुण अधिक मिळतात, आणि मग तुम्ही त्याला आपली वही देईनासे होतां, तो आजारी पडला तर बुडालेला अभ्यास सांगावयाचें टाळतां, शिक्षकांनीं त्याचें कौतुक केलें कीं खिडकीबाहेर पाहूं लागतां. थोडें थांबून विचार करा. तो वर्गांत नसता तर तुम्हीं रात्रीं ते दोन तास अधिक बसून अभ्यास केला असता काय? तो वारा कापीत पुढें जात आहे म्हणूनच तुमचा वेग वाढला आहे. त्याला मागें टाकण्यासाठीं पराकाष्ठा करा. परंतु वाट ठेवा. वही न देणें, प्रश्न मुद्दाम चुकीचा सांगणें, परीक्षेंत दुसऱ्याचें पाहून लिहिणें, हीं सर्व दुसऱ्यास मार्गाबाहेर रेटण्याचींच रूपें आहेत. पंचांनीं पाहिलें नाहीं म्हणून तीं शुद्ध होत नाहींत.

पालकांसहि दोन शब्द नम्रपणें सांगावेसे वाटतात. मुलगा निकाल घेऊन घरीं आला कीं "शेजारच्याला किती मिळाले?" हा प्रश्न आपल्या तोंडून प्रथम निघतो. आपला हेतु चांगलाच असतो. पण मुलाच्या कानीं पडतें तें असें कीं, शेजारचा मुलगा कमी पडला तरच माझें घरांत स्वागत आहे. त्या दिवसापासून शेजारचा मित्र त्याचा शत्रु होतो. त्याऐवजीं "गेल्या वेळेपेक्षां काय सुधारलें, आणि कोठें चुकलें?" असें विचारून पाहावें. आणि शेजारच्या मुलानें अधिक गुण मिळविले असतील तर आपल्या मुलास घेऊन त्याच्या घरीं पेढा खावयास जावें. त्या एका भेटीनें जें शिक्षण होईल तें शाळेच्या वर्षभराच्या उपदेशानें होणार नाहीं.

शेवटीं ज्या रस्त्यावरून आरंभ केला तेथेंच परत येतों. शर्यतींचीं हीं उदाहरणें वाचून कोणा विद्यार्थ्यास असें वाटूं नये कीं आम्हीं त्याला यवतमाळच्या रस्त्यावर गाडी पिटाळण्यास उत्तेजन दिलें. सेपांगच्या मार्गावर सर्व स्वार एकाच दिशेनें जातात. कडेला मोकळी जागा असते, धोका दिसतांच निशाण फडकतें, वैद्य सज्ज असतात. आणि मुख्य म्हणजे तेथें धांवणाऱ्या प्रत्येकानें शर्यतीस संमति दिलेली असते. आपल्या रस्त्यावर डोक्यावर भारा घेऊन शेतांतून परतणारी म्हातारी, कापसाची गाडी हांकणारा शेतकरी, शाळेंतून येणारें लहान मूल, ह्यांनीं तुमच्या शर्यतीस कधीं संमति दिली? जेथें दुसऱ्याची संमति नाहीं तेथें शर्यत नाहीं. तो केवळ दुसऱ्याच्या जिवाशीं खेळ आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणें मोटार वाहन कायद्यानें गुन्हा आहे. गाडीच्या परवान्यास अठरा वर्षें पूर्ण व्हावीं लागतात, ५० सी.सी.पर्यंतच्या गाडीपुरती ती मर्यादा सोळा वर्षांची आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनें असेंहि ठरलें आहे कीं, अल्पवयी मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर त्याच्या पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. वाढदिवसास मुलाच्या हातांत किल्ली देतांना वडिलांनीं हें आठवावें. तथापि कायद्याचें भय हें शेवटचें कारण होय. पहिलें कारण हें कीं ज्याला खरी शर्यत समजली आहे त्याला रस्त्यावरील ही खोटी शर्यत आपोआपच नकोशी वाटेल.

पुढील वर्षीं आपल्या शाळेच्या मैदानावर पुन्हां धांवण्याच्या शर्यती होतील, वर्गांत पुन्हां क्रमांक लागतील. प्रत्येक शर्यतींत पहिला एकच येणार, बाकीचे सर्व मागें राहणार. ह्यांत बदल होण्यासारखा नाहीं. परंतु मार्गावर दुसऱ्यास चाकापुरती वाट ठेवणें हें पहिल्यासहि साध्य आहे आणि शेवटल्यासहि. एवढें ज्यांनीं केलें त्यांचीं नांवें आम्ही क्रमांक न पाहतांच विजयी विद्यार्थ्यांत धरूं.